काळी दोन

आमच्या सरांना वर्गातल्या एकाही पोराचं नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं. शिकवलं, परीक्षा घेतल्या, रागावले, स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली, पण नाव विचाराल तर शून्य. ते आम्हाला पट्टीवरून ओळखायचे. ज्यांचा गाण्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक गाणाऱ्याचा सा ठरलेला असतो आणि तो पेटीच्या कोणत्या पट्टीवर येतो ते आधी बघावं लागतं. पेटीला पांढऱ्या पट्ट्या असतात आणि मध्ये मध्ये काळ्या. कुणाची पांढरी एक, कुणाची काळी चार. बाकीचे गाणारे पेटीवाल्याला तेवढं सांगतात आणि विषय संपतो. सरांनी मात्र तेच पोरांचं नाव करून टाकलं होतं.

त्यामुळे आमच्या वर्गात फार मजा व्हायची. कॉलेज रोडच्या बंगल्यातली दुधासारखी गोरी मुलगी होती, ती काळी पाच. आणि दिंडोरीहून येणारा, द्राक्षबागेत औषध मारून मारून उन्हानं करपलेला पोरगा होता, तो पांढरी एक. पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, "पांढरी, ती खिडकी लाव जरा," तर गोरी मुलगी लगबगीनं उठली. सर तिच्यावर चिडले. "तुला कुणी सांगितलं? तू काळी."  बिचारीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काळी म्हटलं होतं.

मी काळी दोन. आणि मी आहेही काळीच. आता हे सांगताना काही वाटत नाही, पण अठराव्या वर्षी वाटायचं. चांदवडला आमच्या घरी बघायला येणाऱ्या बायका आधी माझ्या मोठ्या बहिणीकडे बघायच्या, मग माझ्याकडे, मग आईकडे, आणि म्हणायच्या, "नाकीडोळी चांगली आहे हो." त्यात आवाज असा की फोन उचलला की समोरचा म्हणायचा, "हां दादा, ताईंना देता का जरा?" मी म्हणायची, देते, आणि दोन सेकंद थांबून आवाज पातळ करून पुन्हा हॅलो म्हणायची. शाळेच्या गॅदरिंगला समूहगीतात बाईंनी मला मागच्या रांगेत उभं केलं आणि कानात सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." मी दहावीपर्यंत ओठ हलवले.

तरी गाण्याची पदवी घ्यायचं खूळ डोक्यात कुठून आलं, देव जाणे. खरं सांगते, मला दुसरं काही करावंसंच वाटत नव्हतं. नाना, म्हणजे माझे वडील, कांदा मार्केटात लिलाव पुकारतात. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर, दिवसभर. त्यांना हे समजेना की गाण्याला कॉलेज कशाला. शेवटी तोड निघाली ती अशी की एक वर्ष बघू. वर्षाच्या शेवटी गाता आलं तर पुढे, नाहीतर मावशीच्या मुलीसारखं नर्सिंगला. नर्सिंगचा फॉर्म नानांनी आणून कपाटात ठेवूनही दिला होता. मी पंचवटीत तीन मुलींबरोबर कॉट बेसिसवर राहायला लागले, आणि त्या फॉर्मची मला रोज आठवण यायची.

तर सर. पन्नाशी उलटलेले, बारीक, उन्हाळ्यातही बिनबाह्यांचा स्वेटर. कारण विचारलं तर म्हणायचे, "छातीला ऊब लागते, सूर तिथून येतो." हजेरी घ्यायची त्यांची पद्धत साऱ्या कॉलेजात कुप्रसिद्ध होती. मस्टर मांडीवर, डोळे मिटलेले. आम्ही रोल नंबरप्रमाणे एकेकानं त्या दिवशी सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. "पोहे, सर." "मिसळ, सर." "काही नाही, सर." आवाज ऐकून सर पी टाकायचे. एकदा एकानं दांडी मारलेल्या मित्राची हजेरी लावायचा प्रयत्न केला. सर डोळे न उघडता म्हणाले, "पांढरी एक आज दोनदा आली. एकदा पोहे खाऊन आणि एकदा उपमा. तब्येत सांभाळ रे."

जगात जे जे म्हणून वाजतं त्याला सरांच्या लेखी पट्टी होती. कॅन्टीनचा मिक्सर पांढरी पाच. त्यांनी कॅन्टीनच्या मावशींना जाऊन सांगितलं, की पांढरी पाचचा रियाज चालू असेल तेव्हाच चटणी वाटत जा, बाकीच्या वेळी पोरं बिथरतात. मावशी म्हणाल्या, "मी मिरच्या बघू का तुमच्या पट्ट्या बघू?" घंटागाडी साडेदहाला खिडकीखालून गाणं लावत जायची. सर शिकवणं थांबवायचे, मान तिरकी करून ऐकायचे. एक दिवस खाली उतरून त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, "स्पीकर उतरलाय तुमचा, अर्धा सूर." आम्ही वरून बघत होतो, वाटलं आता भांडण. पण पुढच्या आठवड्यात ड्रायव्हरनं गाडी थांबवून खालूनच हाक मारली, "सर, आता ऐका बरं. वायर बदलली." सरांनी खिडकीतून मान डोलावली. आम्हाला त्यांनी एवढ्या मनापासून कधी मान डोलावलेली नव्हती. आमचं कितीही चांगलं झालं तरी "हं, चालेल."

आता एवढ्या कानाच्या माणसाला मी चार महिने कसं फसवलं, हा प्रश्न तुम्हाला पडेल. तर दहावीपर्यंतचा अनुभव. वर्गातल्या मुलींचा तानपुरा काळी चारला लावलेला असायचा. बहुतेक मुली तिथेच आसपास गातात, म्हणून सगळ्या त्याच्यात गायच्या आणि मी त्यांच्या मध्ये बसून ओठ हलवायची. हजेरीला घसा आवळून चिमणीसारखं "चहा-खारी, सर" म्हणायची. एकटीला म्हणायला सांगितलं की सर्दी. सर मला काळी चार समजत होते. जरा अशक्त काळी चार. दिवाळीनंतरच्या तोंडी परीक्षेत वरचा सा लावताना आवाज फाटला तो असा फाटला की काळी पाचनं माझ्यासाठी पाणी आणलं. दहापैकी तीन मिळाले. मी रूमवर जाऊन रडले आणि मनातल्या मनात नर्सिंगचा फॉर्म भरायला घेतला.

त्याच आठवड्यात मला खरोखरच ताप आला. दोन दिवस गेले नाही. दुपारी झोपेत फोन वाजला आणि मी अर्धवट झोपेत, माझ्या मूळच्या आवाजात म्हटलं, "हॅलो, कोण?"

"अहो, ती मुलगी आहे का? तुमची बहीण असेल. जरा द्या तिला."

सर होते. मी ताडकन उठून बसले. पातळ आवाज काढायला गेले तर तापानं निघेना. "सर, मीच बोलतेय."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "पुन्हा बोल."

"मीच आहे सर. ताप आलाय."

"ताप उतरला की ये. येताना हाच आवाज घेऊन ये. वर्गात आणतेस तो कुणाचा आहे?" आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी गेले. सरांनी सगळ्यांना बाहेर चहाला पाठवलं, पेटी पुढे ओढली आणि म्हणाले, "काय खाल्लंस?" मी म्हटलं, खिचडी. माझ्या आवाजात. त्यांचं बोट पेटीवरून खाली खाली सरकत गेलं आणि एका काळ्या पट्टीवर थांबलं. "ह्याच्यावर सा म्हण." मी म्हटला. काही ओढावं लागलं नाही, कुठे दुखलं नाही. घरात चप्पल काढून आत यावं तसा तो सा आला. मला रडूच आलं, आणि रडताना आवाज अजूनच जाड झाला. सर म्हणाले, "काळी दोन." आणि पेटीचा भाता बंद करत, "पुरुषांची पट्टी म्हणतात लोक. लोक काहीही म्हणतात."

इथपर्यंत सर देवमाणूस वाटले असतील. पुढचं ऐका. त्यांनी मस्टर उघडलं आणि लाल पेननं माझी चार महिन्यांची हजेरी खोडली. एकूण एक पी चा ए केला.

"सर, मी रोज येत होते."

"कुठे? काळी चार येत होती. तिची हजेरी मी लावली. तू आज आलीस."

मी म्हटलं, सर, हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येणार नाही. ते म्हणाले, "मग भरून काढ. उद्यापासून सकाळी सातला." वर सही केली. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला होता की पेटी उचलून खिडकीबाहेर टाकावी वाटलं.

पण खरा घोळ पुढे झाला. आमच्या कॉलेजच्या ऑफिसातून गैरहजर पोरांच्या पालकांना आपोआप मेसेज जायचा. सरांनी केलेला पराक्रम क्लार्कनं कॉम्प्युटरवर चढवला आणि ऐन लिलावात नानांच्या फोनवर मेसेज आला, की आपली मुलगी चार महिन्यांपासून वर्गात अनुपस्थित आहे. नानांच्या पायाखालची जमीनच सरकली. पोरगी नाशकात एकटी, चार महिने कॉलेजात नाही, मग आहे कुठे? मला विचारण्याआधी त्यांनी मेसेजखालच्या नंबरावर फोन लावला. तो ऑफिसनं थेट सरांना जोडून दिला. हा संवाद मला नंतर दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळाला आणि दोघांचं सांगणं तंतोतंत जुळतं.

नाना म्हणाले, "माझी पोरगी चार महिने कुठं होती?"

सर म्हणाले, "अहो, येत होती ती. पण काळी चार बनून येत होती."

"काय बनून?"

"काळी चार. खरी ती काळी दोन आहे. मला पण उशिरा कळलं. तुम्ही घरचे, तुमच्या कधी लक्षात आलं नाही?"

नानांनी फोन कट केला. तेव्हा अमावास्येला मार्केट बंद असायचं आणि दुसऱ्याच दिवशी अमावास्या होती. पहाटेच्या एसटीनं नाना निघाले. आईनं मला फोन करून सांगितलं, "तुझ्या सरांचं आज काही खरं नाही. वर्गात सगळ्यांसमोर काळी म्हणतात म्हणे तुला. आणि नंबर पण दिलाय."

मी पळत कॉलेजात पोचले तर नाना आधीच संगीताच्या खोलीच्या दारात उभे. टोपी, पांढरा पायजमा, हातात पिशवी. सर डोळे मिटून हजेरी घेत होते. पायरव ऐकून म्हणाले, "चपला बाहेर."

"चपला राहू द्या," नाना म्हणाले. लिलावात पुकारतात तोच आवाज. "आमची पोरगी काळी हाय, आम्हाला दिसतंय. जन्मल्यापासून दिसतंय. तिला काळी म्हणायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

सरांनी डोळे उघडले. हजेरी चालू असताना त्यांनी डोळे उघडलेले आम्ही पहिल्यांदाच पाहिले.

"पुन्हा बोला," सर म्हणाले.

"काय?"

"आत्ता बोललात ते. तसंच, त्याच आवाजात."

नानांना वाटलं मास्तर बहिरा आहे. ते एक पाऊल आत आले आणि शब्द न शब्द पुन्हा बोलले, जरा आणखी मोठ्यानं. सरांचा हात पेटीकडे गेला, एक पट्टी दाबली. नानांचा आवाज आणि पेटीचा आवाज एकमेकांत असे मिसळले की नाना बोलता बोलता थांबले आणि मागे बघायला लागले, की आपल्या पाठोपाठ कोण बोलतंय.

"काळी दोन," सर खूश होऊन म्हणाले. "तुम्ही पण."

"मी पण?" नानांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. तिथे मात्र वर्ग फुटला. पांढरी एक तर तबल्यावर आडवाच झाला. मी दारात उभी राहून हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही.

सरांनी नानांना शेजारी बसवलं. चपला काढायला लावून, हे वेगळं सांगायला नको. पट्टीवर बोट ठेवून दाखवलं. ही पहिली काळी, ही दुसरी. ही तुमची. ही हिची. मग विचारलं, काय करता? नानांनी सांगितलं. किती वर्षं? बावीस. घसा कधी बसला?

"नाय बा. एकदाही नाय."

"कसा बसेल? तुम्ही तुमच्या पट्टीत पुकारताय. हिनं चार महिने दुसऱ्याच्या पट्टीत पुकारलं."

नानांनी त्या काळ्या पट्टीवर स्वतःचं बोट ठेवून बघितलं. मग सरांनी त्यांना लिलाव पुकारून दाखवायला लावला. नाना आधी लाजले, म्हणाले समोर माल पाहिजे. सरांनी आपला चटणीचा डबा समोर ठेवला. नानांनी त्या डब्याचा लिलाव केला, "बोला, बोला, बोला," करत, आणि सर पेटीवर तोच सूर धरून बसले होते. सूर तसूभर हलला नाही. सरांनी मान डोलावली, घंटागाडीला डोलावली होती तशी. डबा काळी पाचला गेला.

परत जाताना सीबीएसच्या स्टँडवर नाना म्हणाले, "लहानपणी तुझा आवाज ऐकून तुझी आई घाबरली होती. घोटीच्या डॉक्टरला दाखवलं होतं तुला. तो म्हणाला, काही नाय, असतो एखादीचा." जरा वेळानं म्हणाले, "माझाच हाय तो. मला कधी वाटलंच नाय." मी म्हटलं, मग नर्सिंग? नानांनी एसटीत चढता चढता सांगितलं, "वर्ष संपू दे. बोलल्याप्रमाणे." शब्दाला पक्का माणूस, त्याला काय करणार.

मग सुरू झाल्या त्या सकाळी. सात ते साडेआठ, नाशिकची थंडी, फरशी अशी गार की बसवत नाही. सरांनी दोन महिने मला खर्जाच्या बाहेर येऊ दिलं नाही. खर्ज म्हणजे अगदी खालचे सूर, पोटातून काढायचे. वॉचमननं एकदा सरांना विचारलं, "सकाळी तुमच्याकडे कोण पाव्हणे गातात हो? आवाज लय भारदस्त." सरांनी मला बाहेर नेऊन त्याला दाखवलं. तो दुसऱ्या दिवसापासून मला नमस्कार करायला लागला.

त्या सकाळींमध्येच एकदा मी विचारलं, सर, तुम्ही कार्यक्रम का नाही करत? ते तानपुऱ्याची तार पुसत होते. म्हणाले, "माझ्या गुरुजींची पांढरी चार. माझी काळी एक. आठ वर्षं मी त्यांच्या पट्टीत गायलो. माझी सांगितली असती तर त्यांना उद्धट वाटलं असतं, असं मला वाटायचं. घसा गेला. नंतर गुरुजी म्हणाले, अरे, बोलला का नाहीस?" एवढंच बोलले आणि म्हणाले, "चल, सा." त्या दिवशी माझा हजेरीचा राग गेला.

वर्षाच्या शेवटी आमची मंचावरची परीक्षा. हॉलमध्ये, पालकांसमोर, बाहेरचे परीक्षक. त्याच आठवड्यात नर्सिंगचा फॉर्म भरायची शेवटची तारीख. नाना आले ते फॉर्म खिशात घालूनच आले. तिसऱ्या रांगेत बसले. हॉलमधला पंखा बंद, उन्हाळा असा की टोपीखालून घाम गळत होता. त्यांनी तो फॉर्म काढला, घडी घातली आणि वारा घ्यायला लागले. मी मंचावरून बघत होते. मला भूप राग गायचा होता आणि माझं सगळं लक्ष त्या हलणाऱ्या कागदावर.

पेटीवर बाहेरून आलेले एक गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडे न बघताच काळी चारवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हीच ना?" सगळ्या मुलींची तीच झाली होती. मी तोंड उघडलं आणि परीक्षकांकडे बघितलं. एवढ्या लोकांसमोर, ह्या तोंडानं, तो शब्द माझ्या घशातून बाहेर येईना. जुनी सवय. ओठ हलले नुसते. पहिल्या रांगेत सर बसले होते, डोळे मिटून. ते सांगू शकत होते. सांगितलं नाही.

"काळी दोन!"

तिसऱ्या रांगेतून. लिलावाच्या आवाजात. अख्खा हॉल मागे वळला. नाना उभे राहिले होते, फॉर्मची घडी हातात तशीच. परीक्षक म्हणाले, "अहो, मुलगी आहे ती." नाना म्हणाले, "माहीत हाय. माझीच हाय. काळी दोन."

पेटीवाल्यांनी पट्टी दाबली. खरं तर दाबायची गरज नव्हती, सूर नानांनी आधीच देऊन ठेवला होता. मी तिथेच सा लावला. पुढचा अर्धा तास कसा गेला ते मला आठवत नाही. परीक्षकांचं पेन मध्येच कधीतरी खाली ठेवलेलं होतं आणि नानांनी वारा घेणं थांबवलं होतं, एवढं दिसलं.

कार्यक्रम संपल्यावर बघितलं तर फॉर्म खुर्चीवरच राहिला होता. मी उचलून द्यायला गेले. नाना म्हणाले, "राहू दे तिथंच. लय गरम होतं या हॉलात, येईल कुणाच्या तरी कामाला." सर शेजारूनच चालले होते. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "हं, चालेल."

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप मस्टर उघडलं. कालच्या तारखेला माझ्यासमोर पी होता. आणि शेवटच्या रोल नंबरच्या खाली पेन्सिलनं एक नवीन ओळ आखलेली होती. सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, काळी दोन, थोरले. त्यांच्यासमोरही पी.